पतसंस्था आणि गावचे आखाडे, मैदाने : खान्देशातील सभासदांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील बाजारपेठेच्या गावांत पतसंस्थेची शाखा असते, तशी एखादी तालीम, व्यायामशाळा किंवा कबड्डीचे मैदानही असते. पुष्कळ गावांत या दोन्ही संस्था तीच माणसे चालवतात. यात्रेतील कुस्त्यांच्या दंगलीत इनामांच्या यादीवर पतसंस्थेचे नाव असते, मैदानाच्या भिंतीवर तिचा फलक असतो, आणि कधी कधी तालमीच्या पुढच्या गाळ्यात तिची शाखाही असते. या संबंधांविषयी सभासद, ठेवीदार आणि व्यायामशाळांचे विश्वस्त जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ती देताना एक भूमिका धरली आहे. पतसंस्थेच्या तिजोरीतला बहुतांश पैसा ठेवीदारांचा असतो, त्यामुळे मैदानाला मदत जरूर व्हावी, पण ती नफ्यातून व्हावी, सर्वसाधारण सभेच्या ठरावाने व्हावी, आणि शक्यतो एका दिवसाच्या समारंभापेक्षा मैदानाच्या रोजच्या गरजांसाठी व्हावी.

पतसंस्था आणि बँक यांत फरक काय? मैदानाच्या संदर्भात तो का महत्त्वाचा आहे?

राज्यातील पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदवल्या जातात आणि त्यांच्यावर सहकार खात्याचे नियंत्रण असते. नागरी पतसंस्था, ग्रामीण बिगरशेती पतसंस्था आणि पगारदार नोकरांच्या पतसंस्था हे त्यांचे नेहमीचे प्रकार आहेत. जळगावची शंभरी ओलांडलेली ग. स. सोसायटी ही पगारदारांच्या संस्थेचे आपल्याकडील सर्वांत परिचित उदाहरण होय. बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना असतो आणि तिच्यातील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण मिळते. हे विमा संरक्षण पतसंस्थेतील ठेवींना लागू नाही.

मैदानाला देणगी देताना हा फरक डोळ्यांआड होता कामा नये. बँकेची देणगी चुकली तरी लहान ठेवीदाराच्या पाठीशी विमा असतो. पतसंस्थेच्या ठेवीदाराच्या पाठीशी संस्थेचा राखीव निधी आणि वसूल होणारी कर्जे एवढेच असते. गेल्या दोन दशकांत जळगाव जिल्ह्यातील अनेक पतसंस्था अडचणीत आल्या आणि मुलीच्या लग्नासाठी, निवृत्तीनंतरच्या आयुष्यासाठी ठेवलेल्या रकमा वर्षानुवर्षे अडकल्या. ज्या घरांनी ते भोगले, त्या घरांतील माणूस दंगलीच्या इनामाचा आकडा ऐकून अस्वस्थ होत असेल, तर ती अस्वस्थता रास्त आहे.

“आमना गावना आखाडाले पतपेढी मदत करी का?”

करू शकते. अहिराणीत विचारल्या जाणाऱ्या या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या कलम ६९ मध्ये आहे. कलम ६६ प्रमाणे राखीव निधीची आणि कलम ६८ प्रमाणे शिक्षण निधीची तरतूद झाल्यानंतर संस्थेला निव्वळ नफ्याच्या २० टक्क्यांपर्यंतची रक्कम बाजूला काढता येते. ती सहकाराच्या, धर्मादाय किंवा इतर सार्वजनिक कामासाठी वापरता येते, मात्र त्यासाठी राज्य शासनाने अधिसूचित केलेल्या संघीय संस्थेची (सहकारी संस्थांच्या संघाची) मान्यता लागते. गावातील सर्वांना खुला असलेला आखाडा किंवा मैदान सार्वजनिक कामात बसते. चार मित्रांचा खाजगी क्लब बसत नाही.

हा २० टक्क्यांचा हिशेब प्रत्यक्षात कसा होतो?

समजा, एखाद्या पतसंस्थेला लेखापरीक्षणानंतर २० लाख रुपये निव्वळ नफा झाला. त्यातून किमान एक चतुर्थांश, म्हणजे ५ लाख रुपये, राखीव निधीला गेलेच पाहिजेत. त्यानंतर शिक्षण निधीचा वाटा जातो. सार्वजनिक कामासाठी जास्तीत जास्त ४ लाख रुपये काढता येतील, पण ही कमाल मर्यादा आहे. तेवढे काढलेच पाहिजेत असे कायदा म्हणत नाही. उरलेल्या रकमेतून सभासदांना लाभांश द्यायचा असतो, आणि तोही १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही.

संस्था तोट्यात असेल तर मुळात वाटायला काही नसते. पुष्कळ संचालक मंडळांना हे सांगण्याचा संकोच वाटतो, कारण गावची मुले दारात उभी असतात आणि नाही म्हटले तर यात्रेत तोंड दाखवणे जड जाते. तरीही नफा नसताना दिलेली देणगी ही ठेवीदाराच्या पैशातून दिलेली देणगी असते, आणि तसा ठराव करण्याचा अधिकार कोणत्याही संचालक मंडळाला नाही. अनुत्पादक (थकलेल्या) कर्जांची तरतूद कमी दाखवून कागदावर नफा काढणे आणि त्यातून चषक पुरस्कृत करणे हा त्याहून गंभीर प्रकार होय, कारण तो फुटेपर्यंत ठेवीदाराला त्याचा पत्ता लागत नाही.

स्पर्धेचा खर्च जाहिरात खर्चात दाखवता येतो का?

जाहिरात खर्च हा व्यवसायाचा खर्च असल्यामुळे तो नफा काढण्यापूर्वीच वजा होतो, तर देणगी ही नफ्याची वाटणी असते. कबड्डी संघाच्या जर्सीवर संस्थेचे नाव छापले, मैदानाच्या कडेने फलक लावला आणि त्याचे दर ठरवून पावती घेतली, तर ती जाहिरात ठरते. अंदाजपत्रकात मंजूर झालेल्या रकमेच्या आत तिला हरकत नसावी. पण शामियाना, जेवणावळ, पाहुण्यांचे फेटे आणि रोख इनामे यांची बिले एकत्र करून त्यावर “जाहिरात” असा शेरा मारणे म्हणजे सभेची मंजुरी आणि संघीय संस्थेची मान्यता या दोन्ही टाळणे होय. लेखापरीक्षकाने अशा व्हाउचरवर आक्षेप नोंदवला, तर दोष दुरुस्ती अहवालात त्याचे उत्तर द्यावे लागते.

दंगलीच्या व्हाउचरकडे तर जरा जवळून पाहिले पाहिजे. अनेकदा एकाच कागदावर “कुस्त्यांचे इनाम, एकूण” एवढेच लिहिलेले असते आणि खाली पंच कमिटीतील एकाची सही असते. कोणत्या जोडीला किती दिले, कुस्ती निकाली झाली की बरोबरीत सोडवली, पैलवान कोणत्या गावचा, यांपैकी काहीच कळत नाही. प्रत्येक जोडीची नोंद, दोन्ही मल्लांची नावे, गाव, रक्कम आणि घेणाऱ्याची सही असा साधा तक्ता आधीच छापून आखाड्याच्या टेबलावर ठेवला, तर हा प्रश्न उरत नाही.

दंगलीचे इनाम द्यावे की आखाड्याच्या देखभालीला मदत करावी?

दोन्ही करता आले तर उत्तम. एकच करता येत असेल, तर देखभालीला आधी मदत करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दंगल ही गावची हौस आहे आणि तिचा मान मोठा आहे. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास किंवा गावच्या देवाच्या यात्रेत लहान मुलांच्या नारळाच्या कुस्त्यांपासून मानाच्या शेवटच्या कुस्तीपर्यंत सगळे गाव आखाड्याभोवती बसते, आणि त्या दिवशी संस्थेचे नाव लाउडस्पीकरवरून पुकारले जाते. म्हणूनच इनामाला पैसे सहज मिळतात. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला आखाडा उकरायला जी मुले येतात, त्यांच्याकडे मात्र कोणाचे लक्ष नसते.

आखाड्याला खर्च कशाचा येतो, हे संचालकांनी एकदा तेथे जाऊन पाहिले पाहिजे. तापी-गिरणेच्या पट्ट्यात जमीन काळी आहे, त्यामुळे कुस्तीची तांबडी माती पुष्कळ गावांना बाहेरून गाडीभाडे देऊन आणावी लागते. ती चाळून तीत ताक, तेल, हळद, लिंबू आणि कापूर मिसळतात. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा ती कोरडी पडून तिची धूळ होते, आणि पावसाळ्यात पत्रा गळका असेल तर तिचा चिखल होतो. म्हणून पाण्याची मोटार, पत्र्याचे छत, दिवे आणि दर काही महिन्यांनी नवी माती या गोष्टी लागतातच. त्यात वस्तादांचे मानधन धरायला हवे, कारण अनेक ठिकाणी वस्ताद स्वतःच्या खिशातून खर्च करून मुले घडवतात आणि त्याची कोठेही नोंद नसते.

मॅटचाही विचार करावा लागतो. महाराष्ट्र केसरी स्पर्धा आता गादी (मॅट) आणि माती अशा दोन्ही विभागांत होते, आणि राष्ट्रीय पातळीवरच्या कुस्त्या तर बहुतेक मॅटवर होतात. चाळीसगाव तालुक्यातील विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरीचा किताब मिळवला, तेव्हापासून आपल्याकडच्या मुलांच्या मनात मोठे स्वप्न आहे, पण गावात सरावाला मॅट नाही अशी स्थिती बहुतेक ठिकाणी दिसते. मात्र मॅट देण्यापूर्वी ती अंथरायला बंदिस्त जागा आहे का, हे पाहिलेच पाहिजे. स्पर्धेची मॅट १२ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद असते. तेवढे छत नसलेल्या एका तालमीला दिलेली मॅट गुंडाळलेल्या अवस्थेत धान्याच्या पोत्यांशेजारी पडून उंदरांनी कुरतडलेली आम्ही पाहिली आहे. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता. देण्यापूर्वी कोणी जागा मोजली नव्हती.

अर्ज केव्हा करावा आणि त्यात काय लिहावे?

सहकारी वर्ष ३१ मार्चला संपते, त्यानंतर चार महिन्यांत लेखापरीक्षण पूर्ण व्हायचे असते आणि ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. नफा वाटणीचा निर्णय त्या सभेत होतो. म्हणून पुढच्या चैत्र-वैशाखासाठी मदत हवी असेल, तर अर्ज जून-जुलैमध्ये संस्थेकडे पोचला पाहिजे, म्हणजे तो विषयपत्रिकेवर येतो. यात्रेला आठ दिवस राहिले असताना चेअरमनच्या घरी जाऊन मदत मागण्याची पद्धत आता सोडून द्यावी, कारण तशी मिळालेली मदत नियमात बसवताना पुढे दोन्ही बाजूंची अडचण होते.

अर्जात व्यायामशाळेचा नोंदणी क्रमांक, जागा कोणाच्या मालकीची आहे, रोज किती मुले-मुली सरावाला येतात, नेमकी कोणती वस्तू किंवा काम हवे आहे, त्याची किमान दोन दरपत्रके, आणि मागच्या वर्षीचा जमाखर्च इतके असावे. मुली सरावाला येत असतील, तर कपडे बदलण्याची खोली आणि स्वच्छतागृह यांची मागणी अर्जात आधी घालावी. ती सोय नसल्यामुळेच मुली आठवी-नववीनंतर मैदान सोडतात, आणि हा खर्च फार मोठा नसतो. रक्कम रोख न मागता दुकानदाराच्या किंवा व्यायामशाळेच्या बँक खात्यावर मागावी.

आमच्या मंडळाची नोंदणी नाही. सहा जणांच्या नावावर वैयक्तिक कर्ज काढून साहित्य घेतले तर चालेल का?

कृपया तसे करू नये. खान्देशात ही गोष्ट फार घडते आणि तिचा शेवट बहुधा वाईट होतो, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

कलम ४४ प्रमाणे पतसंस्था आपल्या सभासदालाच कर्ज देऊ शकते. नोंदणी नसलेले मंडळ कायद्याच्या दृष्टीने कोणीच नसते, त्यामुळे ते सभासदही होऊ शकत नाही आणि कर्जदारही. मग मंडळातील तरुण एकमेकांना जामीन राहून स्वतःच्या नावावर कर्जे काढतात, डंबेल्स, मल्टिजिम, मॅट खरेदी करतात, आणि मुलांच्या मासिक फीमधून हप्ते फेडू असे ठरवतात. पहिले वर्ष बरे जाते. पुढे कोणाला पुण्याला किंवा सुरतेला नोकरी लागते, कोणाचे लग्न होते, कापसाला भाव मिळत नाही आणि मुलांची फी थकते. कर्ज कागदावर वैयक्तिक असल्यामुळे संस्था ज्याच्या नावावर कर्ज आहे त्याच्याकडे आणि त्याच्या जामीनदारांकडे वसुलीला जाते.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. “मी फक्त सही केली होती” हा बचाव टिकत नाही. संस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवला, की वसुली अधिकारी जामीनदाराच्या मालमत्तेवरही जप्ती आणू शकतो. ज्या शेतकरी बापाने मुलाच्या मित्रासाठी सही केलेली असते, त्याच्या शेतावर बोजा येतो. साहित्य मात्र गावाचे राहते, किंबहुना कोणाचेच राहत नाही.

यावर उपाय सरळ आहे. आधी संस्थेची नोंदणी करावी, मग देणगी किंवा शासनाचे अनुदान मागावे. क्रीडा विभागाच्या व्यायामशाळा विकास आणि क्रीडांगण विकास या अनुदान योजनांची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळते. पतसंस्थेच्या कर्ज अधिकाऱ्यालाही विनंती आहे की, अर्जात “घरगुती कारण” लिहिलेले असले आणि आखाड्याचे सगळे पदाधिकारी एका दिवशी कर्ज मागायला आलेले असले, तर त्यांना बसवून खरे कारण विचारावे.

नोंदणीकृत व्यायामशाळेला पतसंस्थेचे कर्ज घेता येईल का?

व्यायामशाळा सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) म्हणून नोंदलेली असेल, तर सहकार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तिला सहकारी संस्थेचे सभासद होता येते, फक्त पतसंस्थेच्या उपविधीत तशी तरतूद हवी. परंतु महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चे कलम ३६अ विश्वस्तांना धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यासासाठी कर्ज काढू देत नाही. मग ते गहाणावर असो वा विनातारण असो. मंजुरीची प्रत पाहिल्याशिवाय पतसंस्थेने कर्ज देऊ नये, आणि विश्वस्तांनी “मंजुरी नंतर घेऊ” असे आश्वासन देऊ नये.

व्यायामशाळेचा शिलकी पैसा ओळखीच्या पतसंस्थेत ठेव म्हणून ठेवता येतो का? तेथे व्याज जास्त मिळते.

हा प्रश्न विश्वस्त मोठ्या भाबडेपणाने विचारतात, आणि याचे उत्तर त्यांना माहीत असणे अत्यंत आवश्यक आहे. वरील १९५० च्या कायद्याचे कलम ३५ सांगते की न्यासाचा लगेच न लागणारा पैसा अनुसूचित बँक, टपाल बचत बँक, शासनाने त्यासाठी मान्य केलेली सहकारी बँक किंवा सरकारी रोखे अशा ठरवून दिलेल्या जागीच ठेवावा. पतसंस्था या यादीत नाही. धर्मादाय आयुक्तांची परवानगी नसताना तेथे ठेव ठेवली आणि ती बुडाली, तर विश्वस्तांना व्यक्तिशः जबाबदार धरले जाऊ शकते.

पतसंस्थेने मैदानाला देणगी द्यावी आणि व्यायामशाळेने त्या बदल्यात आपली ठेव तिच्याकडे ठेवावी, असा तोंडी व्यवहार काही ठिकाणी चालतो. तो दोन्ही संस्थांना घातक आहे. देणगीचा निर्णय तिच्या उपयोगावरून व्हावा, त्याला ठेवीची अट असता कामा नये.

तालमीच्या गाळ्यात पतसंस्थेची शाखा असेल तर?

भाडे मिळत राहिले तर तालमीला तो नियमित आधार असतो, आणि आमच्या मते देणगीपेक्षा हा संबंध अधिक निरोगी आहे, कारण त्यात दोन्ही बाजूंना काय द्यायचे आणि काय मिळायचे ते लेखी ठरते. इमारतीचा भाडेपट्टा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा असेल, तर त्याच १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. भाडे बाजारभावाप्रमाणे असावे. चेअरमन तालमीचे जुने पैलवान आहेत म्हणून वीस वर्षांपूर्वीचेच भाडे चालू ठेवणे म्हणजे आताच्या मुलांच्या मातीचे आणि दिव्यांचे पैसे सोडून देणे होय.

एकच व्यक्ती पतसंस्थेची संचालक आणि व्यायामशाळेची विश्वस्त असू शकते का?

असू शकते, आणि लहान गावात असे होणे टळतही नाही. देणगी, कर्ज किंवा भाडे यांचा विषय सभेत आला, की त्या व्यक्तीने आपला संबंध उघड सांगावा, चर्चा आणि मतदान चालू असताना बाहेर थांबावे आणि तशी नोंद इतिवृत्तात करून घ्यावी.

मैदानावरील फलकावर काय लिहू नये?

पतसंस्थेने आपल्या नावापुढे “बँक” हा शब्द लावू नये. बँकिंग नियमन अधिनियम, १९४९ ला ते मान्य नाही, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर सूचना काढून सहकारी संस्थांचा असा वापर आणि सभासद नसलेल्यांकडून, तसेच नाममात्र सभासदांकडून ठेवी घेणे, या दोन्हींबद्दल लोकांना सावध केले होते. त्यामुळे हजारो प्रेक्षकांच्या समोर “आकर्षक व्याजदर, आजच ठेव ठेवा” असा फलक लावणे योग्य नाही. संस्थेचे नाव, नोंदणी क्रमांक आणि मैदानासाठी केलेले काम एवढे लिहिले तरी पुरते. नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जागेवर फलक लावण्यासाठी त्यांची परवानगी वेगळी घ्यावी.

पतसंस्था स्वतः मैदान विकत घेऊ शकते का, किंवा स्टेडियम बांधू शकते का?

नाही. संस्थेचा निधी सहकार कायद्याच्या कलम ७० मध्ये दिलेल्या मार्गांनीच गुंतवता येतो, आणि मैदान हा त्यांपैकी एक नाही.

तालुका क्रीडा संकुलाला मदत करता येते का?

ही संकुले शासनाची असतात आणि त्यांचा कारभार शासनाने नेमलेली समिती पाहते. २०२२ मध्ये राज्य शासनाने तालुका संकुलासाठीची अनुदान मर्यादा १ कोटीवरून ५ कोटी रुपये केली. त्यामुळे बांधकामात पतसंस्थेच्या लाख-दोन लाखांनी फारसा फरक पडत नाही. वापर आणि देखभाल यांत मात्र पडतो. समितीशी पत्रव्यवहार करून खो-खोचे खांब, कबड्डीची मॅट, पिण्याच्या पाण्याची टाकी किंवा बाहेरगावच्या मुलींच्या संघाचा प्रवासखर्च अशा गोष्टी देता येतात. धडगाव-अक्कलकुवा भागातील आदिवासी मुलांना जिल्ह्याच्या ठिकाणी स्पर्धेला येण्याचे भाडेच परवडत नाही, हे लक्षात घेतले तर नंदुरबारमध्ये या शेवटच्या बाबीइतका चांगला उपयोग दुसरा क्वचितच सापडेल.

टर्फ किंवा जिम काढण्यासाठी सभासदाला कर्ज मिळते का?

मिळते, कारण तो सभासदाचा व्यवसाय आहे. बॉक्स क्रिकेटचे टर्फ जळगाव-धुळ्यातच नव्हे, तर तालुक्याच्या गावांतही निघाले आहेत. कर्ज मागताना आणि देताना काही गोष्टी नीट पाहाव्यात. जागा शेतीची असेल तर अकृषिक परवानगीचा प्रश्न येतो. जागा भाड्याची असेल, तर भाडेकराराची मुदत कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी नसावी. कृत्रिम गवत, जाळी आणि दिव्यांचे खांब यांना जुन्या बाजारात फार थोडी किंमत येते, म्हणून केवळ त्यांच्या नजरगहाणावर (वस्तू कर्जदाराकडेच ठेवून घेतलेल्या तारणावर) मोठे कर्ज देणे धोक्याचे ठरते. एप्रिल-मेमध्ये दिवसा कोणी खेळत नाही, सगळी बुकिंगे रात्रीची असतात आणि विजेचे बिल वाढते, तर पावसाळ्यात उघडे टर्फ बंद असते. बाराही महिने सारखा हप्ता ठरवण्यापेक्षा हंगाम पाहून हप्ते बांधून दिले, तर थकबाकी टळते.

तालमीतील लहान मुलांना बचतीची सवय लावता येईल का?

अज्ञान (अठरा वर्षांखालील) मुलगा सभासद होऊ शकत नाही, पण सभासद पालकाच्या मार्फत त्याच्या नावाने आवर्ती ठेव ठेवता येते. पैलवानाच्या खुराकाला दूध, बदाम, तूप लागते आणि गरीब घरात ऐन स्पर्धेच्या महिन्यात त्याला पैसे पुरत नाहीत. शेतकरी घराकडे पैसा दिवाळीनंतर कापूस विकल्यावर येतो, तेव्हा त्यातली थोडी रक्कम वेगळी ठेवली तर उन्हाळ्यातील यात्रांच्या हंगामात ती कामी येते. पिग्मी प्रतिनिधीने आखाड्यात येऊन मुलांकडून रोज पैसे गोळा करू नयेत. पावती नेहमी पालकाच्या हाती जावी.

पतसंस्थेला सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायचा खर्च) लागू आहे का?

नाही. कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५ कंपन्यांना लागू आहे. ग्रामीण आणि ऑलिम्पिक खेळांच्या प्रशिक्षणावरील खर्च सीएसआरमध्ये बसतो, म्हणून जवळच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या मोठ्या कंपनीकडे अर्ज जरूर करावा. पतसंस्थेकडे केलेल्या अर्जात मात्र तो शब्द घालू नये.

बहुराज्यीय पतसंस्थेचे नियम वेगळे आहेत का?

होय. त्या बहुराज्य सहकारी संस्था अधिनियम, २००२ खाली येतात. तेथे धर्मादाय देणगीची मर्यादा निव्वळ नफ्याच्या ५ टक्क्यांची आहे, आणि त्यांच्यावर केंद्रीय निबंधकांचे नियंत्रण असते. इनाम देणारी संस्था राज्यातील आहे की बहुराज्यीय, हे तिच्या नोंदणी क्रमांकावरून ओळखता येते.

देणगीचा पैसा कोठे गेला, हे सामान्य सभासदाने कसे पाहावे आणि तक्रार कोठे करावी?

वार्षिक अहवालातील नफा वाटणीचे पत्रक, नफा-तोटा पत्रकातील जाहिरात व किरकोळ खर्च, आणि लेखापरीक्षणाचा वर्ग ही तीन ठिकाणे आधी पाहावीत. सहकार कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला संस्थेची ठराविक कागदपत्रे पाहण्याचा आणि त्यांच्या प्रती मागण्याचा अधिकार आहे. अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारायचा असेल, तर तो सभेच्या आधी लेखी दिल्यास उत्तर टाळणे कठीण जाते.

समाधान झाले नाही, तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे आणि त्यानंतर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करावी. व्यायामशाळेच्या बाजूने घोटाळा असल्याची शंका असेल, तर ती धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्यातील कार्यालयाकडे न्यावी. तक्रारीत गावातील कोणाच्या हेतूंविषयी काहीही न लिहिता ठरावाचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि व्हाउचर एवढेच लिहावे, म्हणजे चौकशी अधिकाऱ्याला काम करता येते आणि तालमीतील मुलांचा सराव त्या वादात बंद पडत नाही.